शेवटचा तांब्या

शॉवर काढला त्या सकाळपासून आमच्या घरात पाणी वरून खाली पडेनासं झालं.

मला ते चहा गाळताना कळलं. कपावर गाळणी धरून मी पातेलं तिरकं केलं आणि चहा काठापर्यंत येऊन थांबला. अजून कललं, मग सरळ पालथं केलं, तरी चहा आपला आतल्या आत बसून राहिला. शेवटी कपच पातेल्यात बुडवून भरून घेतला. घशाखाली उतरायला मात्र त्याची काही हरकत नव्हती. वृषालीने, माझ्या लेकीने, दातांत अडकलेली चहापूड बोटाने काढली, नाक मुरडलं आणि साखर कमी झालीय म्हणाली.

बाथरूममध्ये दस्तगीर मिस्त्री छिन्नीने जुन्या फरश्या उचकटत होता. मी त्याला बोलावून पातेलं दाखवलं. त्याने ते डोक्यावर पालथं धरून हलवलं, खालून आत डोकावून पाहिलं आणि मान डोलावली.

“लाइन बदलली की हुतंय असं, मावशी,” तो म्हणाला. “बसंल दोन-चार दिवसांत.”

मिस्त्री लोक दोन-चार दिवस म्हणतात तेव्हा त्यांना किती म्हणायचं असतं हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण बाथरूम अर्धं फोडून झालेलं असताना त्यांच्याशी वाकडं घेता येत नाही. मी त्यालाही एक कप बुडवून दिला.

मी मालन. मिरजेत आमच्या भागात कुणाकडे बाळ झालं की आजी-आजोबांच्या पाठोपाठ मला निरोप यायचा. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं माझं काम. पाटावर बसायचं, पाय समोर सरळ लांब करायचे, पावलं जुळवायची आणि बाळाला असं उताणं घ्यायचं की त्याचं डोकं पावलांच्या खोबणीत बसेल. ती खोबण प्रत्येक बाईच्या पायांत असते, पण पोरांना ती माझ्याच पायांत सापडायची. रडत आलेली पोरं पायांवर झोपून जायची. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. थोडी बढाई आहे, पण खरं आहे.

माझा एक नियम होता. शेवटचा तांब्या डोक्यावरून गेला की अंघोळ झाली. त्याच्या आधी कितीही साबण चोळा, कितीही वेळ पाण्यात बसा, माणूस पारोसाच. आणि पारोशाने बाळाला हात लावायचा नाही. या नियमावर मी भल्याभल्यांना दारातून परत पाठवलं होतं. एका घरी बाळाचा बाप फौजदार होता, ड्युटीवरून तसाच पोराचं तोंड बघायला धावत आलेला. त्यालाही मी म्हटलं, आधी डोक्यावरून तांब्या, मग पोर. गेला बिचारा, आणि ओले केस घेऊन परत आला.

मग माझ्या गुडघ्यांनी दगा दिला. खाली बसलं की उठता येईना, आणि उठायला दोन माणसं लागणारी बाई कोण कामाला बोलावणार? काम सुटलं. तेव्हा संग्रामने, माझ्या जावयाने, बाथरूममध्ये शॉवर बसवून दिला. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी त्याच्याखाली अंघोळ करायचे आणि शेवटची धार डोक्यावर घेऊन तिलाच शेवटचा तांब्या मानायचे. एवढी सवलत मी स्वतःला दिली होती. पण एक गोष्ट मी मनातून सोडली नव्हती. वृषालीचं बाळ मी माझ्या पायांवर न्हाऊ घालणार होते. गावभरची पोरं माझ्या पायांवर वाढली आणि घरचं पोर दुसऱ्या बाईच्या पायांवर जायचं, हे मला सहनच झालं नसतं.

संग्राम सांगलीला फरश्या आणि नळाच्या सामानाच्या दुकानात कामाला आहे. तिथे काचेमागे मांडलेल्या एका टबाचा कोपऱ्याचा टवका उडाला, तेव्हा मालक त्याला म्हणाला, घेऊन जा. वृषाली पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली, त्याच टेम्पोत मागे टब आला. संग्रामने तो उतरवायच्या आधीच मला समजावून सांगितलं.

“मामी, रोज गरम पाण्यात पाय सोडून बसायचं. बारशाच्या आत पाटावर बसाल.”

या एका वाक्यासाठी मी शॉवर काढू दिला. तसं पाहिलं तर टब ही वस्तू मला आवडली नव्हती. माणूस मळ काढतो आणि त्याच मळात बसून राहतो, ही कसली अंघोळ, असं मी म्हणालेही होते. पण गुडघ्यांपुढे माझं काही चाललं नाही.

टब बाथरूममध्ये मावला आणि मग दुसरं काही मावलं नाही. मोरी बुजवली. खुर्ची, पाट, बादली आणि तांब्या माळ्यावर गेले. मिस्त्रीने टबाचा नळ सोडून पाहिला. त्यातून अर्थातच काही पडलं नाही, पण टबाच्या तळाच्या भोकातून गरम पाणी हळूहळू वर आलं आणि बेताचं भरून थांबलं. मिस्त्रीने त्यात कोपरापर्यंत हात बुडवला, काम झालं म्हणाला, आणि छिन्नी-हातोडा घेऊन गेला.

मी जुनं पातळ नेसून आत उतरले. संग्रामने एका बाजूने धरलं, वृषालीने आपलं पोट सांभाळत दुसऱ्या. पाय लांब केले आणि खरं सांगते, मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं. गुडघ्यांत कुणीतरी करकचून बांधलेली गाठ सुटत गेली. मी पाण्यातच पाय दुमडून पाहिले, पुन्हा सरळ केले, पावलं जुळवली. खोबण होती तशीच होती. बोटांची टोकं सुरकुतायला लागली तेव्हा मी वृषालीला हाक मारली आणि माळ्यावरचा तांब्या मागितला.

तिने तांब्या टबात बुडवून भरला, माझ्या डोक्यावर धरला आणि पालथा केला. मी डोळे मिटून बसले. काही झालं नाही. डोळे उघडले तर ती तांब्या हलवत होती, खालून बुडावर थापट्या मारत होती.

“येत न्हाई गं,” ती म्हणाली.

आता तांब्यावाचून उठण्याशिवाय इलाज नव्हता. मी काठावर हात रोवले आणि उठले. गुडघे छान चालले. मी जशी उठत गेले तसा टबाचा काठही उठत गेला, आणि मी पूर्ण उभी राहिले तेव्हा काठ माझ्या छातीशी होता, बसल्यावर होता तेवढाच. पाय उचलून पलीकडे टाकायला गेले तर तो पायाएवढा वर आला. मी बसले. तोही बसला. मी पुन्हा उठून पाहिलं नाही. एकदा कळल्यावर पुन्हा पुन्हा करून बघण्यात काय अर्थ आहे?

संग्रामने फोन करून मिस्त्रीला बोलावून घेतलं. मिस्त्रीने मला उठायला लावलं, बसायला लावलं, काठाला टेप लावून दोन्ही वेळा माप घेतलं. मग त्याने विचारलं, “अंघोळ झाली का, मावशी?”

“कुठं झाली? तांब्याच पडत न्हाई.”

“मग कसा सोडंल?” तो म्हणाला आणि टेप गुंडाळला.

माझाच नियम होता, आणि गावात तो सगळ्यांना पाठ होता. टबाला तो कुणी सांगितला हे मी विचारलं नाही.

शॉवर परत बसवायचं ठरलं. मिस्त्रीने पायपाचं तोंड शोधलं तर भिंतीतलं भोक बुजून गेलं होतं, बरेच दिवस रिंग घातली नाही की कान बुजतो तसं. दुसरीकडे भोक पाडायला त्याने छिन्नी लावली तेव्हा भिंत आत सरकली. फार नाही, विटेच्या जाडीएवढी. त्याने पलीकडच्या भिंतीला लावून पाहिली, तीही सरकली. मग त्याने छिन्नी पिशवीत टाकली, कारण टबासकट मला दाराबाहेर काढायचा विचार त्याच्याच डोक्यात होता आणि दाराची चौकट आता टबापेक्षा अरुंद दिसत होती. टब याच दारातून आत आला होता हे आम्हा सगळ्यांना आठवत होतं.

संग्राम शेजारच्या कुंदाताईंकडून बादली भरून घेऊन आला. जिन्यात त्याने तांब्या ओतून पाहिला, पाणी व्यवस्थित पडलं आणि पायऱ्यांवरून वाहत गेलं. उंबऱ्यावर उभं राहून ओतलं तर अर्धी धार पडली आणि घराकडची अर्धी तांब्यातच राहिली. घरात आल्यावर एक थेंब नाही. तो बराच वेळ उंबऱ्यावर आत-बाहेर करत राहिला, एखाद्या पोराला नवीन खेळणं मिळावं तसा. मला बाथरूममधून फक्त आवाज येत होते आणि माझा संताप होत होता.

मग आम्ही त्यातच राहायला लागलो. मी टबात बसून लसूण सोलायचे, शेंगा निवडायचे, भाजी चिरून ताट बाहेर द्यायचे. पाणी कधी निवलं नाही आणि घाणही झालं नाही. स्वयंपाक संग्राम करायचा, आमटी वाटी बुडवून वाढायचा, आणि मी इथून त्याला फोडणीच्या वासावरून सूचना करायचे. भिंती रोज थोड्या जवळ येत होत्या. फरशीची जागा जात जात दाराशी उभं राहण्यापुरती उरली, आणि वृषालीचं पोट आता चौकटीतून आत येईना. ती बाहेर स्टुलावर बसून माझ्याशी बोलायची. तिचा चेहरा दिसायचा, पोट भिंतीआड असायचं. बाळ लाथ मारतं तेव्हा ती सांगायची, आणि मी इथे पाण्यात पावलं जुळवून बसायचे.

गुडघे तर असे झाले की मी पोरीसारखी मांडी घालू शकत होते. पाटावर बसले असते, उठले असते, दिवसाला चार घरं केली असती. ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटायचं.

कळा सुरू झाल्या तेव्हा मी बाथरूममधून ओरडून काय काय सांगितलं ते आता आठवत नाही. संग्राम तिला दवाखान्यात घेऊन गेला. घरात मी एकटी. दवाखान्यातून कुणाचा फोन आला तर घ्यायला जवळ फोनही नव्हता. मी उठले, बसले, उठले, बसले, आणि काठ माझ्याबरोबर उठला-बसला. शेवटी कुंदाताईंनी दारातून सांगितलं की मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. मी पाण्यात हात जोडले.

मुलगी घरी आली आणि रडायला लागली ती थांबेना. घरात पाणी पडत नव्हतं, मग तिला न्हाऊ कोण आणि कसं घालणार? वृषाली ओल्या फडक्याने पुसून काढायची. दूध, लाळ, घाम, सगळं तिच्या मानेच्या घडीत साठायचं. अंगावर पुरळ उठलं. मला तिचा आवाज ऐकूनच कळत होतं की हिला भूक नाही, हिला पोटदुखी नाही, हिला पायांवर घ्यायला हवं. एवढ्या पोरांचं रडणं ऐकलेली बाई मी, आणि माझ्या नातीचं रडणं भिंतीपलीकडून ऐकत होते. बाळंतपण झाल्यामुळे वृषाली आता चौकटीतून आत येऊ शकत होती, पण बाळाला घेऊन ती कधी आली नाही. मीही म्हटलं नाही. आम्हा दोघींना कारण माहीत होतं.

मग एका सकाळी ती आडवी होऊन आत आली, दाराशी उरलेल्या वीतभर फरशीवर उभी राहिली आणि तासगावला जातोय म्हणाली. तासगाव तिचं सासर. सासूबाईंनी तिकडे एक न्हाऊ घालणारी बाई बघून ठेवली होती, चांगली आहे म्हणे, हात हलका आहे. सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण घराबाहेर काढू नये म्हणणारी मी, पण आता कुठल्या तोंडाने म्हणणार होते? संग्राम गाडी आणायला गेला होता.

“तासगावला पाणी पडतंय, आई,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि पाणी डोळ्यांतच थांबून राहिलं होतं.

ती बाई मला दिसली, पाटावर पाय पसरून बसलेली, पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिच्या पावलांत माझ्या नातीचं डोकं. पोरगी रडत आली आणि झोपून गेली.

“आण तिला,” मी म्हटलं.

वृषालीने अगदी शांतपणे, मी दारातून लोकांना सांगायचे त्याच आवाजात मला सांगितलं, “तू पारोशी हाईस, आई.”

“असू दे. आण.”

आयुष्यात पहिल्यांदाच मी तो नियम मोडत होते आणि मला काहीही वाटलं नाही. मला फक्त ती पोरगी हवी होती. वृषाली गेली. बाहेर स्वयंपाकघरात काहीतरी खडखडलं. ती परत आली तेव्हा एका हाताच्या कुशीत फडक्यात गुंडाळलेली मुलगी होती आणि दुसऱ्या हातात तांब्या होता. मुलगी रडून रडून लाल झाली होती. तिला बघायला मी उठले आणि काठ मध्ये आला. मला तिच्या डोक्यावरचं जावळ दिसलं, बाकी काही नाही.

“बस खाली,” वृषाली म्हणाली.

मी बसले. काठ तिच्या छातीपर्यंत आला. तिने मुलीला उचलून वरून द्यायचा प्रयत्न केला, पण टाके ओले होते, हात तेवढे वर जाईनात. मी हात वर केले तर काठ हातांएवढा वर आला. मी हात पाण्यात घेतले. काठ खाली गेला.

“अजून,” ती म्हणाली.

मी मागे रेलले. खांदे पाण्यात गेले. नळाकडच्या बाजूला साबण ठेवायला एक कट्टा आहे, त्यावर मी टाचा टेकवल्या, पाय सरळ केले आणि पावलं जुळवली. गुडघ्यांपासून पुढचे पाय पाण्याच्या वर राहिले. काठ वृषालीच्या कमरेपर्यंत उतरला होता. पाणी सांडलं नाही. सांडायला आधी पडावं लागतं.

“अजून थोडं.”

आता फक्त तोंड पाण्याबाहेर होतं. भिंती खांद्यांना लागत होत्या, छत पूर्वी होतं त्यापेक्षा जवळ होतं. खाली गाडीचा हॉर्न वाजला. वृषालीने तिकडे लक्ष दिलं नाही. ती माझ्या पायांकडे बघत होती आणि जो हिशेब माझ्या डोक्यात चालला होता तोच तिच्याही डोक्यात आलेला मला दिसला.

“तू वर आलीस की काठ वर येणार,” ती म्हणाली.

“हो.”

“मग ही आतच.”

पोरीला कसं ठेवायचं तेवढं मी सांगितलं. उताणी ठेव, डोकं पावलांत, मान सांभाळ, आपोआप बसेल. वृषालीने मान हलवली. मी जेवढा मावेल तेवढा श्वास घेतला आणि डोकं खाली सोडलं.

पाणी कपाळावरून आलं, डोळ्यांवरून आलं, डोक्यावर मिटलं. कान भरले तसं रडणं लांब गेलं. काठ अजून थोडा उतरला असणार, कारण माझ्या नडग्यांवर वजन टेकलं. किती हलकं होतं, आणि किती गरम. डोकं सरकलं, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि पावलांच्या खोबणीत जाऊन बसलं. पाण्यातूनही मला कळलं की रडणं थांबलं. माझ्या पायांवर ती सैल पडली. तशी पोरं झोपताना पडतात.

मी डोळे उघडले. पाण्यापलीकडे वृषाली वाकलेली होती. एक हात मुलीच्या पोटावर होता. दुसऱ्या हातात तांब्या होता, तो बरोबर माझ्या डोक्यावर आला आणि हळूहळू कलायला लागला. छातीत जळजळ सुरू झाली होती. मी पाय हलू दिले नाहीत. तांब्या पूर्ण पालथा झाला आणि त्याच्या काठाशी एक थेंब येऊन लोंबायला लागला, आणि मी त्याच्याकडे बघत राहिले.